साखरपुड्यातलं लग्न

खिचडी खाऊन पोरं पांगली होती. मदतनीस चन्नम्मा अंगणवाडीच्या ओट्यावर राखेनं पातेलं घासत बसली होती आणि राजेश्वरी आत वजनकाटा आवरत होती. तेवढ्यात हर्षाली दप्तरासकट दारात येऊन उभी राहिली. हर्षाली ही राजेश्वरीच्या मोठ्या दिराची मुलगी, कोथळवाडीच्याच शाळेत नववीला. शाळा सुटली की घरी जायच्या आधी काकूच्या अंगणवाडीत डोकवायचं, खिचडी उरली असेल तर ती खायची आणि दिवसभरात काय काय झालं ते एका दमात सांगून मोकळं व्हायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता. घरी तिची बडबड ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

"काकू, कुमार सरांनी आज प्रत्येकाला एकेक इंग्रजी वाक्प्रचार दिलाय," चपला काढता काढताच ती म्हणाली. "अर्थ सांगायचा अन् आपल्या मनानं वाक्यात उपयोग करायचा. मला कुठला आलाय सांगू? टर्न अ ब्लाइंड आय."

"आंधळा डोळा वळवायचा?" राजेश्वरी हसली. ती बारावी झालेली होती, पण त्या बारावीला आता बरीच वर्षं लोटली होती. "असलं कसलं गं?"

"म्हंजे डोळेझाक. सरांनी गोष्ट पण सांगितली. लई वर्षांमागं समुद्रावर लढाई चालली हुती. त्यात एक सरदार हुता, एका डोळ्यानं आंधळा. त्याच्या वरच्या सायबानं लांबच्या गलबतावरून निशाण दाखवलं, आता बास, मागं फिर. ह्याला तर फिरायचं नव्हतं. मग ह्यानं काय केलं? दुर्बीण घेतली अन् लावली आंधळ्या डोळ्याला! अन् म्हणतो कसा, मला तर निशाण दिसतच न्हाय."

"अय्यो यव्वा! बेरकीच की त्यो," बाहेरून चन्नम्मा म्हणाली. तिचं माहेर कर्नाटकातलं. गंमत वाटली की तिच्या तोंडून आधी कानडी बाहेर पडायचं.

"पण काकू, आजीला सुई ओवायला दिसत न्हाय, त्याला हे म्हणायचं न्हाय. सर म्हणले, ज्याला दिसतंय त्यालाच हे जमतंय. दिसत असून दिसत न्हाय म्हणायचं." हर्षालीला ती युक्ती फार आवडलेली दिसत होती. "आता वाक्य सांगा एखादं."

राजेश्वरीनं थोडा विचार केला. "चन्नम्मा पिशवीत कोंबडी घालून मुरुमच्या बाजाराला जातीय अन् एष्टीचा कंडक्टर डोळेझाक करतोय. असं घाल."

तिघीही मनसोक्त हसल्या. इंग्रजीत कोंबडीला हेन म्हणायचं की चिकन, यावर काकू-पुतणीत जरा वाद झाला. मग अंगणवाडीला कुलूप लागलं. दाराशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलीचं लग्न अठरानंतरच'. अक्षर राजेश्वरीचं. गावच्या बाल संरक्षण समितीची ती सचिव होती. बालविवाह रोखायचं काम कायद्यानं ग्रामसेवकाकडं आणि त्याला मदत करायचं काम अंगणवाडी सेविकेकडं असतं. भिंत रंगवायचा आदेश जिल्ह्याहून आला, तेव्हा सगळं गाव कौतुकानं बघायला जमलं होतं.

घरी पोचल्या तर अंगणात एक अनोळखी पांढरी गाडी उभी. ओसरीवर हर्षालीचे वडील बलभीम चार माणसांशी बोलत बसलेले. आत हर्षालीची आई पोह्यांवर खोबरं घालत होती. राजेश्वरी या थोरल्या जावेला अक्का म्हणायची.

"पोरीला माझी मोरपंखी साडी नेसव," वर न बघता अक्का म्हणाली.

"कशाला, अक्का?"

"पाव्हणे आल्यात. तामलवाडीच्या बाजूचे."

हर्षालीनं पोह्यांच्या बशा नेऊन दिल्या. नाव सांगितलं, खाली बघून बसली, ऊठ म्हटल्यावर उठली. मुलगा, रणधीर, एकोणतीस वर्षांचा होता. दिसायला बरा, घरची द्राक्षबाग, जेसीबी भाड्यानं द्यायचा धंदा. माणूस वाईट नव्हता. चार वर्षं त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं आणि शिकलेली एकही मुलगी शेतकऱ्याच्या घरात यायला तयार नव्हती. म्हणून वीस वर्षांच्या मुली बघता बघता त्याच्या घरचे अठरावर आणि अठरावरून आता पंधरावर येऊन पोचले होते. त्यांनी एकच गोष्ट मागितली, मुलगी आणि नारळ. बाकी सगळा खर्च त्यांचा.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात विषय निघाला. चूल जरी गॅसची असली तरी तिच्यावर सत्ता सासूबाईंची, कस्तुराबाईंची होती. त्या पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

"बेस स्थळ हाय. हातचं घालवू नका," त्या म्हणाल्या. "शेजारच्या वाडीची पोरगी क्लासला म्हणून गेली अन् एका पोरासंगं पुण्याला निघून गेली. तिच्या बापाची मान अजून वर झाली न्हाय."

"आत्याबाई, पंधरा वर्षांची हाय ती," राजेश्वरी म्हणाली. "शिकायलीय. कायद्यानं तर..."

"कायदा तुझ्या अंगणवाडीत. हितं आमचं घर हाय. म्या तेराव्या वर्षी आले ह्या घरात. मेले का?"

तुमची पहिली तिन्ही लेकरं मेली की, हे राजेश्वरीच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण या घरात सासूपुढं तसलं बोलायची कुणाची छाती नव्हती. तिनं अक्काकडं पाहिलं. अक्का भाकरी थापत राहिली, जरा जास्तच जोरात.

ओसरीवरून बलभीमचा आवाज आला, "लग्न आत्ता कोण करतंय? साखरपुडा करून ठिवू. लग्न अठरा झाल्यावर. माझा शब्द हाय."

राजेश्वरीचा नवरा युवराज हातपाय धुवून आत आला होता. तो तिला हळूच म्हणाला, "ऐकलंस न्हवं? दादानं शब्द दिलाय. आता ताणू नको. तुझी नोकरी कुणाच्या वशिल्यानं लागली, तेवढं ध्यानात ठेव."

राजेश्वरीनं ते ध्यानात ठेवलं. शिवाय साखरपुडा म्हणजे काही लग्न नव्हे, असंही तिनं स्वतःला सांगितलं. मुलगी तीन वर्षं घरातच राहणार, दहावी होणार, कदाचित बारावीसुद्धा. तोवर काय काय बदलेल कुणी सांगावं. तिला त्या रात्री झोपही लागली.

इकडं हल्ली साखरपुड्यातच लग्न उरकायची रीत पडली आहे. पत्रिका नाही, वाजंत्री नाही, फोटोवाला नाही. लोकांना साखरपुड्याचं बोलावणं जातं. अंगठ्या घालून होतात. मग एखादं म्हातारं माणूस म्हणतं, 'जमलाच हाव सगळे, तर अक्षदा पण टाकून घ्या,' आणि बघता बघता मुलगी सासरची होऊन जाते. खर्च वाचतो, असं सगळे म्हणतात. तक्रार करणाऱ्याला लग्नाची तारीखच सापडत नाही, हे मात्र कुणी म्हणत नाही. राजेश्वरीला यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. समितीच्या बैठकीत तिनंच एकदा हा विषय काढला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

तरी त्या पंधरवड्यात तिनं काय काय पाहिलं! माळ्यावर कागदात गुंडाळलेली बाशिंगं पाहिली आणि ती कुणाची तरी ठेवायला दिली असतील असं मानलं. अक्का तांदळाला हळद-कुंकू लावून सावलीत वाळवत होती. "अक्षदा कशाला, अक्का?" म्हणून विचारलं, तर "असू दे, शकुन असतोय," एवढंच उत्तर मिळालं. ते तिनं मुकाट्यानं घेतलं. सोनाराकडून डोरलं आलं. ते पुढं लागणारच होतं, सोनं तर रोज महाग होतंय. प्रत्येक गोष्ट तिला दिसत होती आणि प्रत्येक गोष्टीला तिच्याजवळ एक कारण तयार होतं.

एके दिवशी शाळेच्या फाटकाशी कुमार सर भेटले. मोटारसायकल पुसत होते. "मॅडम, तुमची हर्षाली म्हणजे अजबच आहे," ते हसत म्हणाले. "टर्न अ ब्लाइंड आयचा वाक्यात उपयोग कर म्हटलं, तर उभी राहून म्हणते, इन माय हाउस एव्हरीबडी हॅज गुड आइज. सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, अगं, आमच्या घरात सगळ्यांचे डोळे चांगले आहेत, हे वाक्य ठीक आहे, पण यात वाक्प्रचार कुठं आहे? तर गप खाली बसली. दुसरं वाक्य देईचना."

राजेश्वरी हसली नाही.

सरांच्या ते ध्यानात आलं असावं. "हल्ली तिचं लक्ष नसतं," ते जरा आवाज उतरवून म्हणाले. "घरी काही आहे का?"

"साखरपुडा हाय तिचा."

"हो, बोलावणं आलंय मला. हेडसरांनापण आलंय." सरांनी फडकं झटकलं. "साखरपुडाच ना फक्त?"

"साखरपुडाच."

"मग काही हरकत नाही," सर म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली. दोघांनाही जरा हलकं वाटलं. एकमेकांकडून जे ऐकायचं होतं ते मिळालं होतं.

संध्याकाळी राजेश्वरी हर्षालीची वेणी घालत होती. पोरगी दोन दिवसांत धड बोलली नव्हती. एकाएकी मान न वळवता तिनं विचारलं, "काकू, तुमी त्या समितीत हाव न्हवं?"

"हाय की."

"आईनं माझी शाळेची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकलीत."

राजेश्वरीचे हात थांबले. उठून माळ्यावर जावं, ती पुस्तकं खाली काढावीत आणि ओसरीवर बलभीमपुढं नेऊन आपटावीत, असं तिला वाटलं. तिनं पेड घट्ट आवळले. "साखरपुडाच हाय गं, सोन्या. तुझ्या पप्पांनी शब्द दिलाय." वेणी झाल्यावर हर्षाली रोजच्यासारखी आरशात बघायलासुद्धा गेली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी महादेवाच्या देवळापुढं मंडप पडला. मानाचे फेटे कुणाला बांधायचे, हे बलभीमनं फार विचार करून ठरवलं होतं. पहिला फेटा ग्रामसेवकाला. त्याला गाव भाऊसाहेब म्हणतं. दुसरा पोलीस पाटलाला, तिसरा हेडमास्तरांना, चौथा कुमार सरांना. जी जी माणसं हे लग्न अडवू शकत होती, त्यांची डोकी आधी गुलाबी करून झाली. फेटा बांधून घेतलेला माणूस यजमानाविरुद्ध बोलत नाही, ही आपल्याकडची जुनी सभ्यता आहे. मग बलभीमनं माइक घेतला आणि म्हणाला, "अंगणवाडीच्या सेविकाबाईंचा पण मान करायचा हाय." सगळ्यांच्या देखत कस्तुराबाईंनी आपल्या धाकट्या सुनेची ओटी भरली, हातात भारी साडी ठेवली. टाळ्या पडल्या. राजेश्वरी वाकून सासूच्या पाया पडायचं म्हणून पडली.

त्यानंतर माइकवरून सूचना झाली, "फोन खिशात ठिवा, फोटो कुणी काढू नका." आणि देवळाच्या गाभाऱ्याकडून अंतरपाट घेऊन भटजी बाहेर आले.

आता मात्र मानायला काही जागा उरली नव्हती. राजेश्वरी साडी तिथंच टाकून देवळामागच्या आडाजवळ गेली. तिनं मुलांच्या मदतीचा नंबर, दहा अठ्ठ्याण्णव, लावला. हाच नंबर ती दर महिन्याच्या बैठकीत बायकांकडून पाठ करून घ्यायची. पलीकडच्या बाईनं शांतपणे गाव विचारलं, मुलीचं नाव, वय, वडिलांचं नाव विचारलं. मग विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"म्या... गावातली एक."

"ठीक आहे ताई. आमची टीम निघते. तोवर गावातल्या अधिकाऱ्यांना लगेच कळवतो, ते लग्न थांबवतील."

राजेश्वरी धावतच मंडपाच्या कडेला आली. भाऊसाहेबांचा फोन वाजला. फेटा जरा वर सरकवून त्यांनी तो कानाला लावला. "हो मॅडम... हो, मी इथंच आहे, समक्ष उभा आहे. नाही, नाही, लग्न कुठलं? साखरपुडा आहे साधा." फोन खिशात टाकून ते बलभीमच्या कानाशी लागले. "कुणीतरी कळ लावली. गाडी निघाली मुरुमहून. काय करायचं ते झटपट उरका."

मुहूर्ताला अजून अवकाश होता. तो आता कुणी बघितला नाही. पळत पळत बाशिंगं आली. पाच मंगलाष्टकांच्या जागी दोनच झाली. आपल्या एका फोननं जे थांबायला हवं होतं त्यालाच घाई झाली, हे राजेश्वरी उघड्या डोळ्यांनी बघत होती. अंतरपाट धरला गेला, दूर झाला. चहूकडून पिवळे तांदूळ उडाले. तिच्या मुठीतले तिनं टाकले नाहीत, एवढंच. हर्षालीच्या गळ्यात डोरलं पडलं, तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यावर रडूसुद्धा नव्हतं.

मग आवराआवर सुरू झाली. बाशिंगं, मुंडावळ्या, अंतरपाट गाभाऱ्यात गेले. अक्कानं लेकीचं डोरलं पदराखाली दडवलं आणि एक केरसुणी राजेश्वरीच्या हातात दिली. "राजेश्वरी, ते तांदूळ झाडून घे लवकर." घरात चौदा वर्षं थोरल्या जावेनं सांगायचं आणि धाकटीनं करायचं. हातानं केरसुणी कधी धरली ते तिला कळलंच नाही. तिनं मंडप झाडला. अक्षता सुपलीत भरल्या आणि मागच्या बाजूला टाकल्या. कोंबड्या जमल्याच.

पोलिसांच्या गाडीतून एक महिला शिपाई आणि जिल्ह्याच्या बाल संरक्षण विभागातल्या मॅडम उतरल्या. भाऊसाहेबांनी पुढं होऊन त्यांना खुर्च्या दिल्या. पोलीस पाटलानं चहा मागवला. साखरपुडा, नुसता साखरपुडा, असं पाचपन्नास तोंडांनी सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी मुलीशी बोलते."

हर्षालीला समोर बसवलं. तिच्या पाठीवर कस्तुराबाईंचा हात होता. गाडी यायच्या आधी त्यांनी नातीच्या कानात एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या तोंडातून शब्द गेला तर तुझा बाप तुरुंगात जाईल.

"बाळ, घाबरू नको. आज तुझं लग्न लावलं का?"

हर्षालीनं मान वर केली. तिनं आईकडं पाहिलं नाही, बापाकडं पाहिलं नाही. बायकांच्या घोळक्यात केरसुणी धरून उभ्या असलेल्या काकूकडं पाहिलं. ती वाट बघत होती. बोलायला किती वेळ लागतो? लग्न झालं, हे दोन शब्द. पण सासू समोर, नवरा समोर, सगळा गाव समोर. राजेश्वरीनं नजर हातातल्या केरसुणीकडं वळवली.

"न्हाय," हर्षाली खाली बघत म्हणाली. "साखरपुडा झाला."

मॅडमनी ते लिहून घेतलं. तो कागद पुढं सरकला तेव्हा राजेश्वरीच्या तोंडून आवाज फुटला. तिलाच तो परका वाटला. "मॅडम, लग्न झालंय! म्या बघितलंय. अक्षदा मीच झाडल्यात आत्ता." 

युवराज तिच्याकडं धावला, त्याला शिपाईबाईनं अडवलं. मॅडमनी विचारलं, "अक्षता कुठं आहेत?" राजेश्वरीनं मागच्या बाजूला बोट केलं. तिथं कोंबड्या माती उकरत होत्या. फोटो कुणाकडं नव्हता. दुसरा साक्षीदार कोण, म्हणून मॅडमनी एकेकाकडं पाहिलं. हेडमास्तरांनी फेट्याचा शेमला सारखा केला. कुमार सर आपल्या बुटांकडं बघत राहिले.

"मुलगी स्वतः नाही म्हणते, ताई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना खरं काय ते कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "तुम्ही एक मिनिट आधी बोलला असता तर तिलाही धीर आला असता. तुमचा जबाब घेते मी. पण एकटीच्या जबाबावर किती होईल, सांगता येत नाही." मग त्यांनी बलभीमकडून हमीपत्र घेतलं, की मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचं लग्न करणार नाही. लागलेल्या लग्नाच्या मंडपात बसून बलभीमनं त्यावर सही केली. भाऊसाहेबांनी साक्षीदार म्हणून केली.

पोलिसांची गाडी वळणाआड गेली आणि मग रणधीरची गाडी मंडपाशी लागली. हर्षालीला बसवायला राजेश्वरी पुढं झाली, तर बायकांनी तिला मागं लोटलं. तरी ती काचेजवळ पोचली. हर्षाली तिच्याकडं बघून म्हणाली, "आता कशाला बोललाव, काकू?" काच वर गेली.

पुढचे महिने कसे गेले ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. राजेश्वरीची चूल वेगळी झाली. एकाच घरात भिंत घालून तिला कोपऱ्यातली खोली दिली. युवराज तिथं जेवायचा, बोलायचा नाही. तिनं दोनदा जिल्ह्याला खेटे घातले. चौकशी चालू आहे, असं दोन्हीदा सांगितलं गेलं. हर्षालीला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं बोलावलं, तेव्हा तिनं परत तेच सांगितलं, साखरपुडा झालाय, त्यांच्याकडं मी पाहुणी म्हणून राहायलेय. आणि कोथळवाडीनं राजेश्वरीवर एक साधा उपाय शोधून काढला. गावातल्या एकाही साखरपुड्याचं बोलावणं तिला येईनासं झालं. कुणाची मुलगी गेली हे तिला चार दिवसांनी, शाळेच्या पटावरून नाव उडाल्यावर कळायचं. कुणी भांडायला आलं नाही, कुणी शिवी दिली नाही. ती समोरून आली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या.

दिवाळीच्या आधी हर्षाली बाळंतपणाला माहेरी आली. कस्तुराबाईंनी तिला चुलतीच्या खोलीकडं फिरकायची बंदी केली होती. पण गरोदर बाईचा आहार अंगणवाडीतून मिळतो आणि त्यासाठी वजन करावं लागतं. एका दुपारी चन्नम्मा तिला हाताला धरून घेऊन आली. हर्षाली काट्यावर उभी राहिली. एकेचाळीस किलो. सातवा महिना, अंगावर सूज, डोळे पांढुरके. राजेश्वरीला तो आकडा मोठ्यानं सांगवेना. चन्नम्मा तोंडात पदर धरून बाहेर गेली.

"रक्त कमी हाय तुझं. उद्या मुरुमला जाऊ, दवाखान्यात," राजेश्वरी म्हणाली.

"आजी न्हाय म्हणते. वय विचारतेत तिथं."

"म्या नेते. बघू कोण अडवतंय."

हर्षालीनं मान डोलावली. मग पोषण आहाराची पाकिटं पिशवीत भरत ती बराच वेळ तिथंच रेंगाळली. काकूला काय सांगावं आणि सांगावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी म्हणाली, "काकू, आज शिवरंजनीचा साखरपुडा हाय. शंभुलिंग अप्पाची. बसवेश्वराच्या देवळात. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

राजेश्वरीनं तिच्याकडं पाहिलं. "किती वाजता?"

"झाला असंल सुरू."

आता फोन कुणाला करायचा? तो फिरून भाऊसाहेबांच्याच खिशात वाजणार. राजेश्वरीनं पायात चपला घातल्या. दारात पोचली तर मागून हर्षालीचा आवाज आला, "मी पण येते." नको म्हणायला ती वळली, पण पोरगी भिंतीचा आधार घेत उठलीसुद्धा होती.

देवळापुढं तसलाच मंडप होता, तसलेच फेटे. दोघी आत शिरल्या तसा एकेका ओळीतला आवाज बंद होत गेला. बायकांनी वाट दिली, ती राजेश्वरीला नव्हे, तिच्यामागून कंबरेवर हात ठेवून हळूहळू चालणाऱ्या पोरीला दिली. पुढं पाटावर शिवरंजनी बसली होती, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून.

आपल्याला इथून हाताला धरून बाहेर काढतील, हे राजेश्वरीला माहीत होतं. तरी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "भाऊसाहेब, ही पोरगी कितवीत हाय?"

भाऊसाहेबांनी फेटा सावरला आणि शंभुलिंगाकडं पाहिलं. शंभुलिंगानं भटजींकडं पाहिलं.

तेव्हा हर्षाली पुढं आली. चालण्यानं तिला धाप लागली होती. एका हातानं पोट सावरत ती म्हणाली, "माझ्याच वर्गात हुती."